वाद्यवृंदाची ध्वनिपातळी व तक्रारी

वाद्यवृंदाची ध्वनिपातळी म्हणजे श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष वाजवल्या जाणाऱ्या संगीताच्या आवाजाचे प्रमाण होय. हे प्रमाण श्रोते, सभागृहचालक, सहवादक किंवा परिसरातील रहिवासी यांना असह्य वाटले की तक्रारी उद्भवतात. अशा तक्रारींचे निराकरण हा व्यावसायिक वादकाच्या कामाचा नित्याचा भाग आहे. हॉटेल, मंगल कार्यालय, क्लब किंवा खुल्या मैदानात वाजवणाऱ्या बँडला पुढचे काम मिळणे न मिळणे पुष्कळदा वादनाच्या दर्जाइतकेच आवाजावरील नियंत्रणावर अवलंबून असते. या प्रश्नाला ध्वनिशास्त्र, आरोग्य, कायदा आणि व्यावसायिक शिष्टाचार अशा चार बाजू आहेत.

पार्श्वभूमी

विजेवर चालणारे ध्वनिवर्धक येण्यापूर्वी वाद्यवृंदाचा आवाज वाद्यांच्या नैसर्गिक क्षमतेपुरता मर्यादित असे. आवाज वाढवायचा तर वादकांची संख्या वाढवावी लागे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत अमेरिकेतील मोठ्या नृत्यवृंदांत पितळी वाद्यांच्या आवाजापुढे गिटार ऐकू येत नसे. विद्युत गिटारचा प्रसार होण्यामागील हे एक महत्त्वाचे कारण होते.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कमधील शे स्टेडियमवर बीटल्स या वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुमारे ५५,००० श्रोत्यांसमोर झाला. श्रोत्यांच्या आरडाओरड्यात वादकांना स्वतःचेच वादन ऐकू येत नव्हते. त्या काळातील ध्वनियंत्रणा मोठ्या जनसमुदायासाठी अपुरी असल्याचे अशा कार्यक्रमांतून दिसून आले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये १०० वॉट क्षमतेचे गिटार अ‍ॅम्प्लिफायर प्रचारात आले. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकी वाद्यवृंदाने वादकांच्या मागे उभारलेली ध्वनिक्षेपकांची प्रचंड भिंत वापरली.

१९७० च्या दशकात अति मोठा आवाज हा रॉक संगीतात अभिमानाचा विषय मानला जाई. डीप पर्पल व द हू या वाद्यवृंदांची नोंद गिनीज बुकात जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचे वाद्यवृंद म्हणून झाली होती. श्रवणशक्तीच्या हानीस उत्तेजन मिळू नये म्हणून गिनीजने पुढे हा विक्रमप्रकारच बंद केला. द हू मधील गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी स्वतःच्या श्रवणदोषाविषयी जाहीरपणे सांगितले आहे.

आवाजाचे मापन

ध्वनिदाब पातळी डेसिबेल या एककात मोजतात. ही मोजपट्टी लघुगणकीय असल्याने तिच्यातील आकड्यांची साधी बेरीज करता येत नाही. पुढील बाबी वादकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत :

- ध्वनिशक्ती दुप्पट केल्यास पातळी सुमारे ३ डेसिबेलने वाढते. त्यामुळे ५० वॉटऐवजी १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणल्याने आवाज कानाला दुप्पट वाटत नाही.
- साधारण १० डेसिबेलची वाढ झाल्यावर आवाज दुप्पट मोठा झाल्याचे माणसाला जाणवते. त्यासाठी दहापट शक्ती लागते.
- मोकळ्या जागेत लहान ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. बंद सभागृहात भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे ही घट पुष्कळ कमी असते.

माणसाचा कान सर्व वारंवारतांना सारखा संवेदनशील नसतो. २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात तो सर्वाधिक संवेदनशील असतो, तर खर्जातील आवाज कमी पातळीवर क्षीण वाटतात. फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये या फरकाचे आलेख प्रसिद्ध केले. कानाच्या या गुणधर्माशी जुळवून घेतलेल्या मापनास ए-भारित डेसिबेल म्हणतात आणि बहुतेक कायदे त्यावर आधारलेले आहेत. ए-भारित मापनात खर्जाला कमी महत्त्व मिळते. त्यामुळे मापक मर्यादेच्या आत असूनही शेजारच्या घरात बेस गिटार व बेस ड्रमचे ठोके जाणवू शकतात. अशा वेळी सी-भारित मापन अधिक उपयुक्त ठरते. आवाज सतत बदलत असल्याने एका क्षणाच्या आकड्याऐवजी ठरावीक कालावधीची समतुल्य सरासरी पातळी विचारात घेतली जाते.

तक्रारींचे स्वरूप

श्रोत्यांच्या तक्रारी : उपाहारगृहात किंवा लग्नाच्या स्वागत समारंभात संगीत बहुधा संभाषणाच्या पार्श्वभूमीला असते. साध्या बोलण्याची पातळी एक मीटर अंतरावर साधारण ६० डेसिबेल असते. संगीत त्याहून बरेच मोठे झाले की पाहुणे आवाज चढवून बोलू लागतात, त्यामुळे सभागृहातील गलबला वाढतो आणि तो भेदण्यासाठी बँड आणखी जोरात वाजवतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो या प्रवृत्तीला फ्रेंच कर्णरोगतज्ज्ञ एत्येन लोंबार यांच्या नावावरून लोंबार परिणाम म्हणतात.

श्रोत्यांची तक्रार ‘आवाज फार मोठा आहे’ या शब्दांत येत असली, तरी तिचे कारण दर वेळी एकूण पातळी हेच असते असे नाही. कर्कश झांज, ध्वनिक्षेपकाची शिट्टी, समोरच्या रांगेवर थेट रोखलेला गिटार अ‍ॅम्प्लिफायर किंवा वाद्यांखाली दबलेले गायन यांमुळेही संगीत असह्य वाटते. गाण्याचे शब्द समजत नसतील तर तुलनेने कमी आवाजही त्रासदायक ठरतो.

जागेच्या चालकाच्या तक्रारी : चालकाला ग्राहकांची नाराजी, परवान्यावरील अटी आणि शेजाऱ्यांचे आक्षेप या तिन्हींचा विचार करावा लागतो. कर्मचाऱ्यांना मागणी ऐकू न येणे हीसुद्धा उपाहारगृहातील व्यावहारिक अडचण असते.

सहवादकांच्या तक्रारी : वाद्यवृंदात एकाने आवाज वाढवला की स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून दुसरा वाढवतो आणि ही चढाओढ मध्यंतरापर्यंत चालते. गायकाला स्वतःचा स्वर ऐकू आला नाही तर तो ताण देऊन गातो. त्यातून बेसूरपणा आणि स्वरयंत्रावर अनावश्यक भार हे दोन्ही संभवतात.

रहिवाशांच्या तक्रारी : या तक्रारींचा संबंध मुख्यतः झोप, आजारपण, लहान मुले, वृद्ध व परीक्षेचा अभ्यास यांच्याशी असतो. श्रोता कार्यक्रमातून उठून जाऊ शकतो, पण रहिवाशाला घर सोडून जाता येत नाही. म्हणूनच बहुतेक कायदे रहिवाशांच्या तक्रारींना प्राधान्य देतात.

आवाज वाढण्याची कारणे

बँडची किमान पातळी बहुधा ड्रमसंच ठरवतो. त्याला ध्वनिवर्धक लागत नाही आणि वादकाच्या कानाशी त्याची पातळी १०० डेसिबेलच्या पुढे सहज जाते. लहान खोलीत इतर सर्व वाद्ये व गायन या पातळीशी जुळवून घ्यावे लागते.

गिटार अ‍ॅम्प्लिफायर बहुधा जमिनीवर ठेवलेला असतो आणि त्याचा उच्च स्वरांचा झोत अरुंद असतो. जवळ उभ्या असलेल्या वादकाच्या पायांजवळून हा झोत निघून जातो. त्यामुळे त्याला आवाज मंद व बोथट वाटतो आणि तो पातळी आणि तीक्ष्णता दोन्ही वाढवतो. समोर बसलेल्या श्रोत्याच्या कानावर मात्र तोच झोत थेट पडतो. अनेक तक्रारींत वादक व श्रोता दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात, ते या कारणाने.

सभागृहाची रचनाही महत्त्वाची असते. फरशी, काच व सिमेंटच्या भिंती आवाज परावर्तित करतात आणि निनादकाल वाढवतात. पडदे, गाद्या आणि माणसांचे कपडे ध्वनी शोषून घेतात. त्यामुळे रिकाम्या सभागृहात चाचणीच्या वेळी ठरवलेला समतोल श्रोते आल्यावर बदलतो. शिवाय दीर्घकाळ मोठ्या आवाजात राहिल्यावर कान तात्पुरता बधिर होतो आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात वादक व ध्वनितंत्रज्ञ दोघेही नकळत पातळी वाढवत नेतात.

नियंत्रणाच्या पद्धती

कार्यक्रमापूर्वी

अनुभवी वाद्यवृंद काम स्वीकारतानाच प्रसंगाचे स्वरूप, जागेचा आकार, वाजवण्याची अंतिम वेळ आणि जागेवरील ध्वनिमर्यादा यांची चौकशी करतात. काही देशांत सभागृहांमध्ये स्वयंचलित ध्वनिमर्यादक बसवलेला असतो. पातळी ठरावीक काळ मर्यादेबाहेर राहिली की तो मंचाचा वीजपुरवठा तोडतो. मर्यादा कमी ठेवलेली असल्यास केवळ ड्रमच्या आवाजानेही तो कार्यान्वित होऊ शकतो. त्यामुळे ही माहिती आधी मिळणे आवश्यक ठरते.

ध्वनिचाचणीच्या वेळी एखाद्या वादकाने सभागृहात फिरून पहिल्या रांगेत, मध्यभागी आणि मागील भिंतीजवळ आवाज ऐकण्याची पद्धत आहे. खुल्या जागेत जवळच्या वस्तीच्या दिशेने चालत जाऊनही अंदाज घेतला जातो. ध्वनिक्षेपकांची तोंडे वस्तीकडे न ठेवता श्रोत्यांकडे व किंचित खाली झुकवली जातात.

मंचावर

नियंत्रणाची सुरुवात सर्वांत मोठ्या नैसर्गिक आवाजापासून, म्हणजे ड्रमपासून केली जाते. त्यासाठी बारीक काड्यांच्या जुड्या, ब्रश, ड्रमच्या कातड्यावर ठेवायचे कापड किंवा जेल, कमी आवाजाच्या झांजा, पारदर्शक आडपडदा किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच वापरतात. आडपडद्यामुळे समोर जाणारा आवाज घटतो, पण तो ड्रमवादकाकडे परावर्तित होतो. म्हणून मागील बाजूस ध्वनिशोषक लावावे लागते. हळू वाजवूनही लय व जोम टिकवणे हे ड्रमवादनातील स्वतंत्र कौशल्य मानले जाते.

गिटार अ‍ॅम्प्लिफायर खुर्चीवर किंवा तिरप्या आधारावर ठेवून वादकाच्या कानाकडे वळवल्यास वादक आपणहून आवाज कमी करतो. कमी वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर, शक्ती घटवणारे उपकरण किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या ध्वनीची अंकीय नक्कल करणारी यंत्रे हे अन्य पर्याय होत. कानात घालायच्या मॉनिटरमुळे मंचावरील ध्वनिक्षेपक काढून टाकता येतात आणि गायकाला कमी पातळीवरही स्वतःचा स्वर स्पष्ट ऐकू येतो. मात्र मॉनिटरचा आवाज बेसुमार वाढवल्यास कानाला धोका कायम राहतो.

मिश्रणात एखादे वाद्य कमी ऐकू येत असल्यास ते वाढवण्याऐवजी इतर वाद्ये कमी करणे हा प्रचलित नियम आहे. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी घट केल्यास कर्कशपणाची तक्रार अनेकदा एकूण पातळीला हात न लावता दूर होते. शेजाऱ्यांची तक्रार असल्यास खर्ज कमी करणे अधिक परिणामकारक ठरते, कारण कमी वारंवारतेचा ध्वनी भिंती व खिडक्यांतून तुलनेने सहज पलीकडे जातो.

तक्रार आल्यावर

कार्यक्रम चालू असताना तक्रारी स्वीकारण्यासाठी बँडने एकच व्यक्ती नेमण्याचा प्रघात आहे. ती व्यक्ती बहुधा वाद्यवृंदप्रमुख किंवा ध्वनितंत्रज्ञ असते. सर्वसाधारणपणे पुढील क्रम पाळला जातो :

१. तक्रार मंचावरून, ध्वनिक्षेपकावर वाद न घालता ऐकून घेणे.
२. तक्रारदार कोठे बसला आहे व त्याला नेमके काय खटकते हे विचारणे.
३. चालू गाणे संपताच प्रत्यक्ष बदल करणे आणि तो सर्व वादकांना कळवणे.
४. काही वेळाने तक्रारदाराकडे किंवा चालकाकडे जाऊन फरक पडला का याची विचारणा करणे.

परस्परविरोधी मागण्या आल्यास, उदाहरणार्थ नाचणाऱ्यांना मोठा व ज्येष्ठ पाहुण्यांना लहान आवाज हवा असल्यास, निर्णय यजमानाकडे किंवा जागेच्या चालकाकडे सोपवला जातो. ज्येष्ठांची बसण्याची जागा ध्वनिक्षेपकांपासून दूर हलवणे हा अशा वेळी सोपा उपाय ठरतो. आवाज कमी केल्याचा आव आणून तो तसाच ठेवणे व्यवसायात गैर मानले जाते, कारण तक्रार पुन्हा आल्यास ती पोलिसांपर्यंत जाण्याची शक्यता वाढते.

श्रवणशक्तीचे रक्षण

तक्रार करणारा श्रोता काही तासांनी घरी जातो, पण वादक वर्षानुवर्षे त्याच पातळीत काम करतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ ए-भारित डेसिबेल पातळीत दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबेलला एक तास आणि १०० डेसिबेलला केवळ पंधरा मिनिटे मिळतात. आंतरकर्णातील केशपेशी नष्ट झाल्यास मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. सततचा कर्णनाद आणि उच्च स्वर ऐकू न येणे ही अशा हानीची लक्षणे होत.

वादकांसाठी बनवलेल्या कर्णरोधकांत सर्व वारंवारता जवळजवळ सारख्या प्रमाणात घटतात. त्यामुळे संगीताचा पोत फारसा बिघडत नाही. हा धोका केवळ रॉक संगीतापुरता नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वॅग्नरच्या संगीतिकेच्या तालमीत पितळी वाद्यांसमोर बसलेल्या एका व्हायोलावादकाच्या श्रवणशक्तीस इजा झाली. २०१८ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने संस्थेचे दायित्व कायम ठेवले.

कायदेशीर तरतुदी

भारत

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. हे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली करण्यात आले. त्यांतील परिसरनिहाय कमाल ए-भारित पातळ्या अशा आहेत :

- औद्योगिक क्षेत्र : दिवसा ७५, रात्री ७० डेसिबेल
- व्यापारी क्षेत्र : दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबेल
- निवासी क्षेत्र : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबेल
- शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४० डेसिबेल

दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ असा काळ धरला जातो. ध्वनिक्षेपक वापरण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबेलने अधिक किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये. खासगी जागेसाठी ही सवलत ५ डेसिबेल आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार रात्रीच्या निर्बंधात ध्वनिक्षेपकांबरोबर वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख आला. त्यामुळे विजेविना वाजणारा ब्रास बँड किंवा ढोलपथकही नियमाच्या कक्षेत येते. सभागृहासारख्या बंद जागांना यातून सूट आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ या वेळेत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात या निर्बंधांना दुजोरा दिला. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे तत्त्व त्यात मांडले आहे.

इतर देश

बंद जागेतील श्रोत्यांच्या संरक्षणासाठी काही युरोपीय देशांनी कमाल पातळी ठरवली आहे. जर्मनीच्या मानकात अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबेल, तर फ्रान्सच्या २०१७ च्या आदेशात पंधरा मिनिटांची सरासरी १०२ डेसिबेल अशी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पंधरा मिनिटांच्या सरासरीसाठी १०० डेसिबेलची मर्यादा सुचवली. १४ जुलै २०१२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन व पॉल मॅकार्टनी एकत्र गात असताना वेळेची मर्यादा उलटल्यामुळे ध्वनियंत्रणा बंद करण्यात आली होती.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीतील ब्रास बँड, गणेशोत्सवातील बेंजो पथके, ढोल-ताशा पथके आणि हिंदी-मराठी चित्रपटगीते सादर करणारे ऑर्केस्ट्रा ही थेट वादनाची प्रमुख रूपे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील भव्य ध्वनिक्षेपक संचास बोलीभाषेत ‘डॉल्बी’ म्हणतात आणि डॉल्बीमुक्त उत्सवाच्या मोहिमा अनेक ठिकाणी राबवल्या गेल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची अंमलबजावणी करण्याविषयी राज्य शासनास सविस्तर निर्देश दिले.

या नियमांचा परिणाम शास्त्रीय संगीतावरही झाला. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे. वेळेच्या निर्बंधामुळे सत्रे लवकर संपवावी लागू लागली आणि उत्तररात्रीचे व पहाटेचे राग मैफलीत ऐकण्याची संधी कमी झाली.

गोव्यात लग्नसमारंभ, किनाऱ्यावरील उपाहारगृहे व हॉटेलांत थेट बँडची परंपरा आहे. रात्री दहानंतरच्या निर्बंधामुळे खुल्या जागेतील कार्यक्रम लवकर सुरू करणे किंवा ते बंद सभागृहात हलवणे असे मार्ग स्वीकारले जातात. काणकोणातील पाळोळे येथे श्रोत्यांना हेडफोन देऊन संगीत ऐकवण्याचा प्रकारही रूढ झाला.

मतभेद

आवाजाच्या मर्यादांविषयी वादकांत एकमत नाही. संगीताचा जोम केवळ कानाने नव्हे तर शरीराने अनुभवला जातो आणि काही संगीतप्रकार ठरावीक पातळीखाली निष्प्राण होतात, असा एक पक्ष आहे. चांगला बँड कोणत्याही पातळीवर परिणामकारक वाजवू शकतो, असे दुसरा पक्ष मानतो. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी वसाहत उभी राहिल्यास ध्वनिरोधनाचा खर्च कोणी करावा, हाही वादाचा मुद्दा आहे. ज्याने परिस्थितीत बदल घडवला त्यानेच उपाय करावा, हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजन धोरणात स्वीकारले. भारतीय नियमांत मात्र कोण आधी आले याला महत्त्व नसून, रहिवाशाच्या ठिकाणी पोहोचणारी पातळी हाच निकष आहे.

हे सुद्धा पहा

- ध्वनिप्रदूषण
- डेसिबेल
- कर्णनाद
- ब्रास बँड
- सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव